पुलावरचे गाँगूझलर

पुलावर जायच्या आधी सर माझ्या खानावळीत येऊन हातातलं सगळं काढून ठेवायचे. पिशवी, छत्री, मनगटावरचं घड्याळ. पुढं मोबाइल आला, तर तोही. एवढंच काय, शर्टाच्या खिशातला खडूसुद्धा. मी एकदा विचारलं, सर, खडूचं काय ओझं होतंय का? तर म्हणाले, "ओझं नाही हो मावशी. जवळ काही असलं की माणूस कामाला निघाल्यासारखा दिसतो. मला कामाला जायचं नाही." आणि हात पाठीमागं बांधून चालायला लागायचे.

काम नव्हतंच ते. पुलावर उभं राहून कालव्याच्या पाण्याकडं बघायचं, बस्स. कठड्याला टेकायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, बसायचं तर मुळीच नाही. बसलं की विश्रांती होते, आणि विश्रांती हे दमलेल्या माणसाचं कामच असतं, असं त्यांचं म्हणणं. दिवेलागणीला परत यायचे तेव्हा चेहरा असा, की आत्ताच न्हाणीतनं बाहेर आलेत. मग भाकरी पुढ्यात आली की कडेकडेनं गोल मोडत मध्याकडं सरकायचे. मधला पापुद्रा सगळ्यात शेवटी, त्यावर तेल-चटणी. अशी भाकरी खाणारा दुसरा माणूस माझ्याकडं आला नाही, आणि मी काय थोडी माणसं जेवू घातली नाहीत.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळे सर म्हणायचे आणि त्यांना तेवढं पुरायचं. इथल्या हायस्कुलात त्यांनी इंग्रजी शिकवलं. त्यांच्या मिसेस आधीच वारल्या होत्या, मुलगा पुण्याला. रिटायर झाल्यावर मुलानं बोलावलं, पण सर माझ्या वरच्या खोलीतच राहिले, शेवटपर्यंत. मी सातवी झालेली बाई. पुढचं जे काही शिकले ते भाज्यांच्या पुड्यांचे कागद वाचून आणि सरांना वाढता वाढता. कोण कुठं शिकलं असं लोक सांगतात ना, तसं मी बेलाशक सांगते की माझं कॉलेज माझ्याच खानावळीत होतं, आणि प्राध्यापकाला भाकरी मीच वाढत होते.

आता कालव्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं गाव बारामतीहून इंदापूरकडं जाताना मधे लागतं. कालवा इंग्रजांच्या काळातला, दगडी पूलही तेव्हाचा. पाणी पाळीनं सुटतं. वरच्या अंगाला ऊसच ऊस. तिथनं वाहत वाहत ते इंदापूर तालुक्यात जातं, आणि जिथं कालवा संपतो त्याला म्हणायचं टेल. हा शब्द इंग्रजी आहे हे मला सरांनीच सांगितलं, तोवर मला तो आपलाच वाटायचा. टेल म्हणजे शेपूट. वरच्यांचं भागलं की उरलेलं पाणी शेपटाला. उरलं तर.

सर टेलचे. बावड्याचा बाजार करणारी एक वाडी आहे, तिथले.

एकदा मी न राहवून विचारलंच, एवढं काय बघता हो तिथं? सर खुलले. त्यांना असा प्रश्न विचारला की पंगतीत दुसऱ्यांदा श्रीखंड आल्यासारखं व्हायचं. म्हणाले, इंग्लंडात पूर्वी कालव्यांतनं बोटी चालायच्या. कोळसा, विटा, धान्य सगळं बोटीतनं. काठावरनं घोडा बोट ओढायचा, आणि बोटवाल्याचा संसार बोटीतच, बायकापोरांसकट. मोठ्या कष्टाची जात. आणि ह्यांची बोट आली की काठावर, पुलावर रिकामी माणसं तोंड उघडं टाकून बघत उभी राहायची. त्या माणसांना बोटवाल्यांनी नाव ठेवलं, गाँगूझलर.

"हे आलं कुठून?" मी विचारलं.

"लिंकनशर म्हणून त्यांचा एक शेतीवाडीचा मुलूख आहे. तिथल्या गावंढळ बोलीत गॉन म्हणजे टक लावून बघणं, आणि गूझ म्हणजेही तेच, आ वासून बघणं. दोन्ही एकत्र झाले. कदाचित."

"कदाचित?"

"पुस्तकवाल्यांनीच कदाचित लिहिलंय. मला तोच भाग सगळ्यात आवडतो. शब्दाची आई नक्की कोण ते माहीत नाही, तरी त्याला घरात घेतला."

मी म्हटलं, म्हणजे शिवीच की ही. तर म्हणाले, शिवीच, पण कष्टकऱ्यानं रिकामटेकड्याला दिलेली. मला ती मानाची वाटते. पुढं तिकडच्या बोटी गेल्या, आगगाड्या आल्या, आणि शब्द पडला अडगळीत. पण सरांचं म्हणणं, शब्द मरत नाही, बेकार होतो. कुणी कामाला लावला की उठून कामाला लागतो. "कालवा आपल्याकडं आहे, बघणारा मी आहे. अजून काय पाहिजे त्याला?"

असे शब्द त्यांच्याकडं पोत्यानं होते, पण एक शब्द फुकट द्यायचे नाहीत. शब्दाला शब्द, असा रोकडा व्यवहार. तुमच्या घरातला, शेतातला एखादा शब्द द्या, मग ते त्यांच्या साहेबांच्या खेड्यातला एक द्यायचे, आणि दोन्ही खडूनं माझ्या मागच्या दारावर लिहायचे. मी पहिल्यांदा कोरड्यास दिला. शहरातले लोक आमटी, रस्सा काय काय म्हणतात, आमच्यात कोरड्यास. सर जेवायचे थांबले. म्हणाले, कोरड्या भाकरीला ओलं करायला जे लागतं ते कोरड्यास, काय शब्द आहे, ह्याच्या बदल्यात तुम्हाला दोन द्यायला हवेत. मी कडूसं पडलं म्हटलं, तर डेव्हनकडच्या शेतकऱ्यांची डिम्प्सी दिली, तिचाही अर्थ तीच कातरवेळ. मी सांगितलं की आमची आई कडूसं न म्हणता कोंबड्या डालायची वेळ झाली म्हणायची. झालं, माणूस ताटावरनं उठलाच. हात न धुता दारावर लिहिलं, कॉकशट. जुन्या इंग्रजीत संध्याकाळ. कोंबड्या कोंडायची वेळ. "काही विद्वान म्हणतात की तो शब्द पाखरं धरायच्या जाळ्यावरून आला. म्हणू देत. माझा विश्वास कोंबड्यांवर आहे. तिकडची बाईही तुमच्या आईसारखीच डालगं घेऊन अंगणात पळत होती."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. माझी आई आणि ती मड्डम एकाच वेळी कोंबड्यांमागं.

हे वेड त्यांना लागलं कसं, तेही सांगते. सर पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून "न्हाय" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून त्यांनी तोंडच उघडलं नाही. मग लायब्ररीत त्यांना एक जाड पुस्तक सापडलं, सगळं इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांच्या शब्दांचं. गवळ्यांचे, नांगरट्यांचे, धोबिणींचे शब्द, आणि ते गोळा करायला मोठमोठे विद्वान राबलेले. ही गोष्ट सांगताना सर नेहमी आमच्या बोलीवर यायचे. "त्या दिशी मला कळलं मावशी, सायेबाच्यातबी वाडी हाय." त्यांच्या वर्गात कुणी कुणाच्या हितं-तितंला हसलं, तर हसणाऱ्याला शिक्षा ठरलेली. घरी जायचं आणि आजीकडून एक शब्द मागून आणायचा. आजीनं नाही दिला तर वर्गाबाहेर. आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्या शिक्षेनं पहिल्यांदा कळलं की आपल्याकडं देण्यासारखं काहीतरी आहे.

आता दुधाची गोष्ट.

आमच्या भागात पाण्याकडं उगाच कुणी बघत नाही. जो बघतो तो मोजतोय, नाहीतर वाट बघतोय, नाहीतर रात्री पाइप कुठं टाकावा ते ठरवतोय. त्यात सर टेलचे. वरच्या लोकांनी आपला हिशोब मांडला. टेलवाल्यांनी नजर ठेवायला माणूस उभा केलाय.

एका सकाळी दारात दुधाची भरलेली किटली. तात्यांचा गडी ठेवून गेला, सरांचं म्हणाला. तात्या म्हणजे आमच्या वरच्या अंगाचे मोठे बागायतदार. ऊस, गाई, कालव्याच्या काठावर मोटर. मोटरीचा पाइप चोरून कालव्यात, आणि ते सगळ्यांना माहीत. मला वाटलं सरांनी रतीब लावला असेल. सरांना वाटलं मावशीची खानावळ जोरात चाललीय. रोज किटली येत होती आणि आम्ही आपले खात होतो. खीर झाली, बासुंदी झाली, जेवायला येणारी ब्यांकेतली पोरं म्हणायला लागली की मावशींना लॉटरी लागली.

मग एका रात्री जेवणाच्या वेळेला तात्या स्वतः आले. टोपी सारखी केली आणि सरांच्या समोर बसले.

"सर, दूध पोचतंय न्हवं?"

"कसलं दूध?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं, सरांनी पुढ्यातल्या बासुंदीच्या वाटीकडं.

तात्या म्हणाले, "तसं न्हवं सर, मोटर काय माझी एकट्याची न्हाय. पर तुमी रोज हुबं ऱ्हाता, माणसाला धाकधूक हुती."

"तात्या, मी मोटर बघत नाही. मी पाणी बघतो."

"कशापायी?"

"उगाच."

"उगाच तर म्हसबी बघत न्हाय, सर."

पंगत हसली. सर मात्र गंभीर झाले, वाटी बाजूला सारली आणि त्यांनी तात्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. इंग्लंडातले कालवे, बोटी, घोडे, लिंकनशर, गॉन, गूझ, कदाचित. दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, गाँगूझलर. तात्या हलले नाहीत. शेवटी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "ह्ये पद राज्याचं का केंद्राचं?"

सर म्हणाले, "पद नाही तात्या. शिवी आहे."

तात्यांनी मान डोलावली. बाहेर पडताना मला म्हणाले, "सांगत न्हाईत. गुपित आसंल. इंग्रजाच्या येळचं पद हाय, कालवाबी त्याच येळचा. रद्द करायचं ऱ्हाऊन गेलं आसंल."

किटली सरांनी दुसऱ्याच दिवशी परत धाडली. ती परत आली म्हटल्यावर तर तात्यांची खात्रीच पटली, कारण दूध परत करणारा माणूस लहानसहान हुद्द्यावरचा नसतो. बातमी कालव्याच्या काठाकाठानं गेली. सर पुलावर उभे असले की येणारेजाणारे सायकलवरनं उतरून चालायला लागले. कुणी कुणी "नमस्कार गांगूझलरसाहेब" म्हणायचं. सर चिडायचे, समजावून सांगायचे, आणि जितकं समजावतील तितकं ते पद मोठं व्हायचं. संध्याकाळी ते यायच्या वेळेला वरचे पाइप पाण्यातनं निघायचे, ते गेले की परत आत.

आता ज्या वर्षीचं मी सांगणार आहे, त्या वर्षी उन्हाळा वाईट होता. दुपारच्या एसटीनं सरांची बहीण आली. सरांपेक्षा धाकटी, पण सगळे तिला आक्काच म्हणायचे, सरसुद्धा. नवरा गेलेला, वाडीवरची जमीन तीच कसायची. मी भाकरी वाढली. ती जेवत होती आणि सर समोर बसले होते. बहिणीशी बोलताना सरांची भाषा तिच्यासारखी व्हायची.

"दादा, पाळी आली न्हाय."

"यील."

"मागलीबी आली न्हवती. कडवळ वाळलं, मका करपाय लागली. ही पाळी चुकली तर म्या जनावरांच्या म्होरं काय टाकू? दावी सोडायची का?" मग तिनं घास खाली ठेवला. "वरनं पाणी सुटलंय, समदी म्हणत्यात. ह्या पुलाखालनं जातंय. तू बघतूस. मग आमच्यापतूर का यीत न्हाय?"

सरांनी पाण्याचा तांब्या तिच्या पुढ्यात सरकवला.

"कालव्याचं सायेब लोक येणार हायती सोमवारी, हितंच, पुलापाशी. आमची माणसं येणार हायती. तू त्येंच्याम्होरं सांग. तू रोज बघतूस म्हंल्यावर तुझं ऐकत्याल."

"म्या त्येच्यासाठी बघत न्हाय, आक्के."

"मग कशापायी बघतूस?"

इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारला होता आणि मला कालवे, बोटी, लिंकनशर असं उत्तर मिळालं होतं. खरं उत्तर त्या दुपारी माझ्यासमोर पहिल्यांदा आलं.

सर म्हणाले, "आई आठवती का तुला, हिरीवरची?"

हे मला उलगडून सांगायला हवं. सरांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या आधीची गोष्ट. गावच्या विहिरीला त्यांच्या लोकांनी हात लावायचा नाही. आईनं घागर घेऊन लांब उभं राहायचं. कुणाला वेळ झाला, कुणाला दया आली, तर वरनं पाणी ओतायचे. नाहीतर उभंच. सर तिच्या लुगड्याला धरून उभे असायचे. पाणी दिसायचं. रहाटाचा आवाज यायचा.

"आईनं जल्मात पाण्याकडं बघितलं ती वाट बघत," सर म्हणाले. "म्या ठरवलं, आपुन पाण्याकडं उगाच बघायचं. आपल्याला काय नगं आसताना. कुणाकडं काय मागायचं नसताना, पाणी जातंय आन आपुन बघतोय. आपल्यातल्या कुणाला ह्ये मिळालं न्हवतं. ही माझी कमाई हाय, आक्के. आन तिला साजंल आसं नाव मला आपल्यात घावलं न्हाय, सायबाच्या भाषंत घावलं."

मी पदराला हात पुसत उभी होते, ती उभीच राहिले. एवढ्या वर्षांचं ते पुलावरचं उभं राहणं माझ्या डोळ्यांपुढं एकदम उंच झालं. अशा माणसाला मी वाढते, ह्याचा मला अभिमान वाटला, आणि आजही वाटतो.

पण आक्का त्यांची बहीण होती. ती म्हणाली, "आई वाट बघत व्हती. मीबी वाटच बघतीया. आपल्या घरात तू एकलाच उगाच बघतूस."

एवढंच. मग तिनं भाकरी संपवली, ताट स्वतः विसळलं, माझ्यावरनं नजर काढल्यासारखी कपाळाला बोटं मोडली आणि एसटी धरली.

त्या संध्याकाळी सर पुलावर गेले नाहीत. दुसऱ्याही नाही. दारावर कुणी नवा शब्द मागितला तर नंतर म्हणाले. भाकरी मधनंच मोडली.

सोमवारी पुलाजवळच्या लिंबाखाली माणूस मावेना. एका बाजूला वरचे, इस्त्रीचे कपडे, मोटरसायकली. दुसऱ्या बाजूला टेलचे, टेम्पोतनं आलेले, त्यात बायका बऱ्याच, पुढं आक्का. मधे खुर्च्यांवर साहेब लोक. साहेब म्हणाले पाणी तर वरनं पूर्ण सोडलंय. वरचे म्हणाले आम्ही आमच्या हक्काचं घेतो. टेलचे म्हणाले मग आमचं गेलं कुठं. तेच तेच गोल गोल फिरायला लागलं. मी चहाचे कप भरत होते, आणि बघते तर सर जिना उतरून आले. मनगटावर घड्याळ, काखेत छत्री, खांद्याला पिशवी, खिशात खडू. मी मनात म्हटलं, आज सर कामाला निघाले.

ते मधे जाऊन उभे राहिले. आवाज वर्गातला. "मी रोज संध्याकाळी ह्या पुलावर उभा असतो. पाणी बघतो. पण पाणी बघताना काठही दिसतात. पाइप आहेत. मी यायच्या वेळेला ते बाहेर निघतात, गेलो की आत जातात, हे मला माहीत आहे, कारण ओले पाइप उन्हात चमकतात. पहिला पाइप तात्यांचा. मी त्यांचं दूध प्यालोय, बासुंदी खाल्लीय, तेही सांगतो, नाहीतर नंतर कुणी म्हणेल की सांगितलं नाही."

तात्या उठले. चेहरा पडलेला. "सर, तुमी मला म्हणला हुता, उगाच बघतो."

"उगाचच बघत होतो, तात्या. उगाच बघणाऱ्याला सगळं दिसतं. तो सांगत नाही, इतकंच. आज मी सांगतोय."

खुर्चीवरच्या मोठ्या साहेबांनी शेजारी वाकून विचारलं, हे कोण? तात्यांनीच उत्तर दिलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गांगूझलर हायत. तुमच्याच खात्याचं."

साहेब नवे होते. त्यांनी क्षणभर सरांकडं बघितलं, मग अशी मान हलवली की अर्थातच, हे त्यांना ठाऊक होतं. सर म्हणाले, मी कुणी नाही, रिटायर मास्तर आहे. पण कोण ऐकतंय. तात्या टोपी हातात घेऊन म्हणाले, "गांगूझलरानंच सांगितल्यावर बोलायचं काय ऱ्हायलं. काढतो." आणि तात्यांनी काढल्यावर बाकीच्यांनी ठेवायचा कुणाच्या जिवावर? त्या पाळीला वरचे आणि टेलचे मिळून काठावर फिरतील असं ठरलं, दिवसा आणि रात्रीही.

टेलच्या बायका टेम्पोत चढताना सरांच्या पाया पडायला आल्या, ते मागं सरकले. आक्का आली नाही. लांबूनच तिनं हात केला.

मला वाटलं आता सर पुलावर परत जातील. नाही गेले. मी एकदा संध्याकाळी स्वतः म्हटलं, द्या ती पिशवी, ठेवते, जाऊन या. तर खिडकीतनं बाहेर बघत म्हणाले, "गेलो होतो मावशी, तुम्ही बाजाराला गेल्या होत्या तेव्हा. पाणी दिसत नाही आता. पाइप कुठं आहे का, तेच डोळे शोधतात." हे त्यांनी रडत सांगितलं नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. आईपासनं जे एवढं लांब चालत येऊन मिळवलं होतं, ते त्यांनी लिंबाखाली सगळ्यांच्या समोर देऊन टाकलं होतं. बहिणीसाठी. आणि पाणी अजून तिच्या रानात पोचलेलं नव्हतं. पाळी वरनं खाली यायला वेळ लागतो. मधे एखादा काठ फुटला, एखाद्याची नियत फिरली, तर सगळंच वाया. आक्काकडं नंबर माझा होता, म्हणून रोज सकाळी सर माझ्याकडून फोन मागून घ्यायचे, वाजला नव्हता ना बघायला.

मग एका दिवशी दुपारी तो वाजला. पलीकडनं आक्का. एकच शब्द. "आलंय."

आम्ही दोघं मिळेल त्या गाडीनं गेलो. बावड्याच्या अलीकडं उतरलो आणि तिथनं एका वाडीवाल्याच्या जीपमधनं. सर बाहेर बघत होते, आणि रस्त्याकडेच्या चाऱ्या, म्हणजे कालव्याचे लहान फाटे, ओल्या दिसल्या की माझ्याकडं बघायचे.

पोचलो तेव्हा आक्का रानात दारं धरत होती. म्हणजे एका वाफ्यात पाणी भरलं की खोऱ्यानं माती ओढून ते बंद करायचं आणि पुढच्या वाफ्याचं तोंड फोडायचं. साडीचा काष्टा, पाय पोटरीपर्यंत चिखलात. मक्याच्या वाळलेल्या पानांतनं पाणी जाताना आवाज येत होता, जमीन पिताना येतो तसा. सर चप्पल काढून आत निघाले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुला जमायचं न्हाय, फोडून ठिवशील." आम्ही बांधावर बसलो. मका भिजली. कडवळ भिजलं. गोठ्यापुढची जागासुद्धा तिनं भिजवून घेतली. मग चारीचं तोंड बंद केलं, आणि पाणी तिच्या रानावरनं पुढच्या शेजाऱ्याकडं सरळ वाहायला लागलं. भरलेलं, गढूळ, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत.

मी घरात जाऊन चहा टाकला. चहा उकळला, आटला, तरी आक्का आली नाही. बाहेर येऊन बघते तर ती चारीच्या काठावर उभी. मला वाटलं कुठंतरी फुटलं.

"आक्का, काय झालं? फुटलं का?"

"न्हाय."

"मग भिजायचं राहिलं का काही?"

"भिजलं की समदं. कवाच," ती म्हणाली, पण मान वळवली नाही. पाणी शेजाऱ्याचं होतं. ते तिच्यासमोरनं चाललं होतं आणि ती बघत होती.

मी परत हाक मारणार तेवढ्यात सरांनी माझ्या दंडाला हात लावला. "मावशी," ते हळूच म्हणाले, "चहा राहू द्या. तिला बघू द्या."